शालोमचा अर्थ

वडिलांच्या ऑपरेशनला हो म्हणावं की नाही, या पेचात टॅक्सीवाला दवाखान्याच्या बाकावर बसला होता. शेजारी चर्चच्या पाळकाची बायको आणि बहीण कुजबुजत होत्या. ऐकायचं नाही म्हणता म्हणता त्याचे कान तिकडेच लागले.

"वहिनी, पाय कापला नसता तर दादा गेला असता. तू हो म्हणालीस तेच बरं केलंस."

"शुद्धीत होते तोवर नाहीच म्हणत होते गं. शुद्ध हरपली आणि मी हो म्हणून बसले."

"जीव तर वाचला ना?"

"दर रविवारी प्रवचनात काय सांगतात? शालोम म्हणजे नुसती शांती नव्हे. मूळ हिब्रूत त्याचा अर्थ अखंड, कुठंही काही उणं नाही असं."

"ते मनाचं झालं. देहाचं थोडंच?"

"मग हे तू सांगशील त्यांना?"

"मी? छे गं बाई!"

"बघ! मग मी तरी कुठल्या तोंडानं सांगू?"

तेवढ्यात नर्स दारात आली.

"पाळकसाहेबांच्या घरचं कोण? शुद्धीवर आलेत."

"काही बोलले का?"

"बोलले म्हणजे काय! येईल त्याला हसून शालोम म्हणताहेत. चला ना."

नणंद उठली. भावजय बाकाची कड घट्ट धरून बसून राहिली. टॅक्सीवाल्यानं नकळत आपले पाय बाकाखाली ओढून घेतले.

"सिस्टर, त्यांनी पांघरूण उचलून पाहिलं का?" भावजयीनं विचारलं.

"नाही. अजून नाही."