शनिवारचा बोकड

(सूर्यभानच्या घराची ओसरी. बायको पुष्पावती तान्ह्या पोराला घेऊन बसली आहे. समोर आसाराम आचारी.)

सूर्यभान : म्हंजे एकच बोकड, आसाराम. दुसऱ्याचं नाव काढू नको.

आसाराम : तीनशे मानसाला एक? मी आचारी हाय, जादूगार न्हाई.

सूर्यभान : जेवनार तीनशे, पर मटन खानारे किती? गावात निम्मे माळकरी. ऱ्हायले दीडशे. जावळ शनिवारी, आन शनिवार पाळनारं बी निम्मं गाव. दीडशाचे निम्मे पाऊनशे. बाकीच्यांना लापशी, वरन-भात.

आसाराम : पर शनिवारच का धरला?

सूर्यभान : पोराच्या मामाला कारखान्यातून तवाच सुट्टी. जावळ काढताना पोरगं मामाच्या मांडीवर नको व्हय?

पुष्पावती : अवो, शनिवार कोन कोन पाळतं? नावं घ्या बरं.

सूर्यभान : आता नावं कशाला? कानिफनाथ... बनुबाईच्या घरचे समदे... मच्छिंद्र...

पुष्पावती : ह्यांच्यातल्या कुनाच्या गळ्यात माळ न्हाई?

सूर्यभान : ...समद्यांच्याच हाय.

पुष्पावती : मग! तीच मानसं दोनदा वजा केली तुमी. माळ नसताना शनिवार पाळनारा एकच, तुमचा श्रीमंतमामा. त्यो बी डागदरानं दम दिला म्हनून.

आसाराम : म्हंजे दीडशे खानार! वाचलो वहिनी. रस्सा संपला असता तर गावानं मलाच धुतलं असतं.

सूर्यभान : बरं बाबा, चुकलो. मिरजगावच्या बाजारातनं दोन आनतो.

पुष्पावती : आन राहीबाईच्या आळीला सांगितलं का?

सूर्यभान : न्हाई, आन सांगनार बी न्हाई. पोर न्हवतं ती आठ वरसं एका बारशाला बोलावलं का तुला त्यांनी? राहीबाईनं तर पाळन्याजवळून उठवलं हुतं. इसरलीस?

पुष्पावती : इसरन कशी? वाटंनं रडत आल्ते. पर आता लई सुखात हाय मी. आसं सुखात असताना कुनाला वगळावंसं वाटत न्हाई. बोलवा त्यांना.

आसाराम : त्या आळीत माळवाले किती, वहिनी?

पुष्पावती : एक बी न्हाई.

सूर्यभान : घ्या! म्हंजे तिसरा बोकड!

पुष्पावती : आना की. जावळ झालं, पोरगं मामाच्या मांडीवरनं उठलं, की आधी राहीबाईच्या मांडीवर द्यायचंय मला.