सहावा आणि सातवा बोअर

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस जे बोलला ते अक्षर न् अक्षर खरं. फक्त थोडं बोलायचं राहिलं. मग तो खोटं बोलला का? पुढे बसलेले नाना मान हलवतायत. नाना, घाई नको. आधी ऐका, मग हलवा.

आपल्या कोकणात, घाटाच्या पायथ्याशी एक वाडी. अकरा घरं. मागे डोंगर, आणि डोंगराच्या पोटात क्रोमाइट. क्रोमाइट म्हणजे काय? काळा, हाताला जड लागणारा दगड. त्याचं सत्त्व लोखंडात उतरलं की गंज धरत नाही. पितळेची भांडी मोडीत घालून तुम्ही स्टीलची आणलीत ना? ती चकाकी त्याची!

त्या डोंगरावर सामंत नावाच्या गृहस्थांची छोटी खाणकंपनी आली. छोट्या कंपनीला डोंगर फोडणं झेपत नाही. तिची रीत वेगळी — आपण बोअर मारायचे, खाली माल आहे हे दाखवायचं आणि एखाद्या मोठ्या पोलाद कारखान्याला भागीदार करून घ्यायचं. पुढची खाण त्याने काढायची. लग्न जुळवणाऱ्याचं काम हो! स्थळ आपण दाखवायचं, संसार दुसऱ्याने करायचा. यात पाप नाही. दाखवताना झाकलं काय, एवढंच बघायचं.

कंपनीत दगड तपासायला होता अच्युत दळवी. त्याची थोरली बहीण शेवंता याच वाडीत दिलेली. भावोजी विश्राम बोअरच्या यंत्रावर कामाला. पहिल्या पाच बोअरांत काळाभोर दगड लागला. सगळे खूश. सहावा मारला — नुसता हिरवा दगड, क्रोमाइटचा कणही नाही. सातवा, तेच. अच्युत समजला. माल आहे, पण वर्षभरात संपेल एवढाच.

सामंत म्हणाले, "उद्या कारखान्याच्या मिरजकर मॅडम येतायत. पाच बोअरांतून निघालेल्या दगडाच्या पेट्या मांड. त्या दोन शेडमागे राहू देत."

"साहेब, त्यांना कळायला हवं."

"विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर गप्प राहा. आसपासच्या चाळीस घरांच्या चुली या यंत्रावर आहेत, अच्युत. तुझ्या बहिणीची धरून."

सामंत दुष्ट नव्हते, मंडळी. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं.

मॅडम आल्या. पेट्यांतला दगड भिंगातून पाहिला, खूश झाल्या. "माल धुवायचा कारखाना कुठे उभारायचा?"

सामंतांनी खाली बोट दाखवलं. "ही सपाटी. अकरा घरं उठवावी लागतील."

अच्युतने त्या बोटाच्या दिशेने पाहिलं. शेवंता अंगणात आमसुलं वाळत घालत होती. वर्षभराच्या मालासाठी कायमचं घर जाणार, आणि हे ठाऊक असलेला माणूस डोंगरावर उभा.

मॅडमनी आणखी बोअरांचं काही विचारलं नाही. जीपमध्ये बसल्या. चालकाने गाडी सुरू केली, तेव्हा अच्युत पुढे झाला. "मॅडम, अजून दोन पेट्या आहेत. शेडमागे. त्या बघून जा."

त्या उतरल्या. दोन्ही पेट्यांतला दगड भिंगातून पाहिला. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या, आणि गेल्या.

आता तुम्हाला वाटेल, देव पावला, आठव्या बोअरला घबाड लागलं. नाही लागलं! कारखान्याने भागीदारी नाकारली, आठवा बोअर मारलाच नाही. पंधरा दिवसांत यंत्र उतरवलं. अच्युतची नोकरी गेली. विश्राम गोव्याला एका कारखान्यात रखवालदार म्हणून गेला.

चतुर्थीला अच्युत बहिणीकडे गेला. ती दारातच उभी राहिली.

"बाय, घर तरी राहिलं तुझं."

"घर रवला रे," ती म्हणाली, "घरातलो माणूस गेलो."

तिने त्याला आत ये म्हटलं नाही. तो पायरीवर थोडा बसला, पाणी मागितलं नाही, आणि उतरणीला लागला.

नाना, आता मान हलवा. अच्युत बरोबर वागला, हे सगळेच म्हणाल. मंडपात बसून म्हणायला काय जातं? मी ते विचारत नाही. मी विचारतो ते असं — खरं बोलून तुमचंच नुकसान करणारा माणूस उद्या तुमच्या पायरीवर येऊन बसला, तर तुम्ही त्याला आत घ्याल का? पान वाढाल का? त्याचं उत्तर मला नको. देवाकडे बघून द्या. हं, उचला टाळ.