टाकी हॉलखाली निघाली

...आणि वर मलाच बोल लावतात, तुमाला सांगतो! अठरा वर्षं आमच्या संडासानं कधी कुरकुर केली नाय, आणि आमच्या तेजलला बघायला पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी पाणी ओतलं, तर खाली जायच्याऐवजी गुडगुड करत वर! आता यात माझा काय दोष? मी माझ्या परीनं उपाय केला, ॲसिडची बाटली ओतली. नाय उतरलं. दुसरी ओतली. मग भावनानं, म्हणजे तेजलच्या आईनं, मला बाजूला केलं आणि मैला उपसणाऱ्या टँकरला फोन लावला.

बोईसरहून टँकर आला बेटेगावात, आमच्या दारात, अख्खी आळी बघायला जमली. टँकरवाला बबलू जाडा पाइप खांद्यावर घेऊन विचारतो, "अंकल, टाकी का ढक्कन किधर है?" आता ढक्कन... मी भावनाकडे बघतो, भावना माझ्याकडे बघते. टाकी बांधली तेव्हा मी तारापूरला ड्युटीवर. आणि टाकी काय रोज बघायची वस्तू हाय? मी आपली मागची बाजू दाखवली, तिथं खणलं तर नळाचा पाइप फुटला. मग नारळाच्या बुंध्याशी खणलं, तिथं नुसत्या मुळ्या. माझा काय दोष?

शेवटी ज्यांनी टाकी बांधली त्या जानू गवंड्यांना रिक्षानं आणलं. पंच्याहत्तरीच्या जानूकाकांनी काठी टेकत घराला एक फेरी मारली आणि तडक हॉलमधी. सोफा सरकवायला लावला, पहारीनं टाइल्सवर ठोकत ठोकत आवाज ऐकला आणि थांबले.

"कमलाकांत, इथं हाय. तू हॉल वाढवलास तेव्हाच सांगितलेलं, ढक्कन मोकळं ठेव."

भावनानं त्यांच्या हातातली पहार घेतली आणि माझ्या हातात दिली.

चार टाइल्स फोडल्या. ढक्कन उचललं तसा मी वाकून बघायला गेलो, तर जानूकाकांनी कॉलर धरून मागं ओढलं... आत विषारी वायू असतो, माणूस जागच्या जागी जातो. मग खुर्चीत बसून माझी शिकवणीच घेतली. आत बारीक जंतू असतात, ते मैला खातात, पाणी शोषखड्ड्यात जातं, गाळ तळाला बसतो, तो दर तीनेक वर्षांनी उपसायचा, आणि तू ॲसिड ओतून ते जंतूच मारलेस. मी म्हटलं, जंतू आपल्या बाजूचे हायत हे मला कोणी सांगितलं? यात माझा काय...

"एक शब्द बोलू नका," भावना म्हणाली.

दुपारपर्यंत टाकी रिकामी झाली, पाणी उतरायला लागलं. दुसऱ्या दिवशी हॉलच्या मधोमध ते ढक्कन, वर सतरंजी, आणि दोन पुडे उदबत्ती. केळव्याहून पाहुणे आले, आणि मुलाचे वडील भगवंतराव नेमके त्या सतरंजीवरच अडखळले. मी म्हणणार होतो फरशीचं काम चालू हाय, तर तेजलनं पोह्यांची बशी हातात देता देता सगळी हकीकत सांगून टाकली, ॲसिडसकट. कोणी हसेना. मी म्हटलं, गेलं स्थळ!

तर मुलाची आई वळून भगवंतरावांकडे बघायला लागली. आमची भावना माझ्याकडे बघते ना, अगदी तश्शी. भगवंतराव खाली मान घालून म्हणाले, "आमच्याकडे पण पंधरा दिवस गुडगुड चाललीय."

पसंती झाली. येत्या रविवारी मला केळव्याला बोलावलंय, लग्नाची बोलणी करायला. जुने कपडे घालून या म्हणाले.