जोशीसरांनी न पाहिलेला मासा

माणूस किती धक्का देऊ शकतो ते सांगतो. ऐंशीनंतरची गोष्ट, मी आमच्या किनाऱ्यावरच्या कॉलेजात ग्रंथालयात होतो. प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम बदलायला विद्यापीठाची समिती आली. आमची रीत अशी की पाहुण्यांना जेवू घालायचं, 'सगळं उत्तम' म्हणायचं आणि मुंबईच्या एसटीत बसवून द्यायचं.

अध्यक्षांनी विचारलं, "काही बदल हवा?"

कुणीतरी 'सगळं उत्तम' म्हणणार, तेवढ्यात प्राणिशास्त्राच्या नव्या प्राध्यापिका नाईकबाई उठल्या. "सर, मुलं युरोपातला हेरिंग मासा पाठ करतात. बांगडा रोज दारात येतो, त्याच्याबद्दल पुस्तकात एक अक्षर नाही."

ते पुस्तक लिहिणारे विभागप्रमुख जोशीसर समोरच बसलेले. बाईंना नोकरीत कायम करणं त्यांच्याच हातात.

सर सावकाश उठले. "बाई, हेरिंग पाहिलाय तुम्ही?"

"नाही, सर."

"मीही नाही." मग अध्यक्षांना म्हणाले, "काढून टाका ते प्रकरण."

सर बाईंकडे वळले.

"बांगड्यावर तुम्ही लिहायचं. म्हणजे तुम्हाला कायम करणं आलंच. आणि उद्या सकाळी मला बंदरावर घेऊन चला. बांगडाही मी जवळून पाहिलेला नाही."