न दिसणारा उजेड

हिरवा दिवा लागला ना, मग झालं की! आतला उजेड नाहीच दिसत हो, दादा, तुम्ही दुरुस्तीवाले असलात तरी—ह्यांच्या उपचाराची ही टोपी देणाऱ्यानं आधीच बजावलं होतं, डोक्यावर ठेवायची, वीस मिनिटं बसवायचं, दिवे लागतात पण आपल्या डोळ्यांना अंधारच. काय? मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतो? आणि आत्ता नाही दिसत?—नीट बघा ना जरा.

डॉक्टरांनी खात्री नव्हती दिली, खोटं कशाला बोलू. मेंदूला मार आहे, करून बघा, म्हणाले. दुकानाची पाटी पुसताना हे स्टुलावरून पडले. अठ्ठावीस वर्षं लोकांची डोकी भादरली ह्यांनी, आणि आता ह्यांचं डोकं माझ्या हातात. केसांनी उजेड अडतो ना, म्हणून दर रविवारी मीच गोटा करते, ह्यांच्याच वस्तऱ्यानं. पहिल्याच महिन्यात काय झालं, माहितीये?—ह्यांनी माझं मनगट धरलं आणि वस्तरा असा तिरका केला. माझं चुकतंय हे कळलं ना त्यांना! मी रडले, साबणाच्या हातानं डोळे पुसले, मग आणखीच रडले. आता दर रविवारी धरतात मनगट. डॉक्टरांनाही मी तसंच सांगते... एकदाच धरलं, दादा. तेवढंच.

वायर तुटलीये? टोकाला गंज? म्हणजे जुनं आहे? आपोआप तुटली असेल, गरम होऊन—नाही हो, पडली-बिडली नाही कुठं. म्हणजे—मनगट धरलं ना, त्याच्या पुढच्याच रविवारी मी ह्यांना टोपी घालायला गेले, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "बसा ताई, गर्दी आहे, नंबर लागेल." ताई! एकवीस वर्षं संसार केलेल्या बायकोला! माझं डोकंच फिरलं, भिरकावली टोपी भिंतीवर. लगेच उचलली हो, पुसली, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला—म्हटलं, चालतेय.

तीन महिने झाले त्याला. तीन महिने मी त्यांना नुसत्या टोपीखाली बसवलं? मी आपटली म्हणूनच गेली का? नाहीतर आत्तापर्यंत हे—नको, नका सांगू. जोडता येईल ना? मान काय हलवताय, तोंडानं बोला की! बरं, राहू दे. झाकण लावा तसंच. चार वाजले, ह्यांची बसायची वेळ झाली.

तुम्ही नका दचकू, "बसा, नंबर लागेल" हे तुम्हाला नाही म्हणाले, मला म्हणाले. हो हो, बसते. बसलेय मी. लागू दे नंबर.