मोठ्या ड्रममधील उशी

एका नामांकित ड्रमवादकाचा वाद्यसंच प्रदर्शनात मांडला असता, त्याच्या दर्शनार्थ मी रांगेत तिष्ठत होतो. माझ्यापुढील वयस्कर दांपत्य वाद्यांनजीक पोचले, तेव्हा कानी पडलेले संभाषण यथातथ्य सादर करीत आहे.

"अहो, हौसेनं घेऊन आलात आणि आता मागे काय ओढताय?"

"लांबूनच छान दिसतं."

"थांबा जरा. त्या मोठ्या ड्रमला पुढून भोक आहे. आत काय कोंबलंय?"

"उशी. आवाज फार घुमू नये म्हणून घालतात. सगळेच घालतात."

"तिच्यावर निळी बदकं आहेत."

"असतील. बदकं काय कुठेही असतात."

"एक बदक एका पायाचं आहे."

"उभी राहतात गं ती एका पायावर."

"दुसरा पाय भरायच्या आधी माझा दोरा संपला होता. ही उशी इथे कशी?"

"ऐन कार्यक्रमात त्याचा ड्रम घुमायला लागला. मी धावत जाऊन गाडीतली आणून दिली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता."

"आणि मी तुमच्या वहिनींवर आळ घेतला. आमचा अबोला अजून सुटलेला नाही."

"सांगणारच होतो."

"कधी, मी गेल्यावर?"

"बरं, उशी परत मागू का?"

"राहू दे. इथे निदान तिच्यावर कुणी घोरत नाही. तुम्ही वहिनींना फोन लावा आणि चोर सापडला म्हणून सांगा."

"इथे? सगळ्यांदेखत?"

"लावा."

तदनंतर फोनमधून वहिनीसाहेबांचा जो स्वर घुमला, तो दाबण्यास ती एक उशी पुरी पडली नसती.