कंस न उघडता

बाळाच्या अंगात कणकण होती, म्हणून साकोलीच्या दवाखान्यात जायला कुमुद एकोडीच्या फाट्यावर बसची वाट पाहत होती. शेजारच्या ओट्यावर एक शेतकरी आणि शाळेला निघालेली त्याची आठवीतली मुलगी बोलत बसले होते.

"सरची माफी मांगजो, रुखमे. नाई तं वर्गात बसू नाई देत तुले."

"माफी कायले? गणिताचं उत्तर बरोबर आहे माहं."

"मंग सरनं काटलं काहून?"

"ते म्हणतात, पहिले कंस सोडव. मी पहिले कंसाबाहेरच्या तीननं भागलं."

"त्यायच्या मनासारखं केलं तं काय बिघडते? तोंड लई चालते तुहं."

"बा, तूच सांग. आपल्या वावरात धानाच्या तीन बांध्या आहेत. रोवण्यासाठी साऱ्याइत रोपाच्या सारख्या पेंढ्या टाकल्या. मंग दर बांधीत दोन-दोन आणखी टाकल्या. साऱ्या मिळून एकवीस. पहिले दर बांधीत किती होत्या?"

"एका बांधीत सात आल्या. मागच्या दोन काढल्या. पाच."

"तिन्ही बांध्या मोजाले नाई गेला?"

"कायले जाऊ? एक बांधी पाहिली का झालं."

"मंग तूबी मांग माफी. मीबी असंच केलं."

बाळाला थोपटता थोपटता कुमुदनं मनात तीन पाचे पंधरा केले, त्यात तीन दुणे सहा मिळवले; एकवीसच.

धूळ उडवत बस आली.

"वही कुठी आहे तुही?"

"थैलीत."

"बाहेर काढ, हातात धर. या तीन बांध्यायचं गणित आता मी पुसतो सरले."